घोड्याच्या घरातलं प्यादं

सांगलीच्या त्या हॉलमध्ये परवा साड्यांचा सेल लागला होता. मी दारात चपला काढल्या. दारावरचा पोरगेला पहारेकरी हसला, "काका, घालूनच जावा आत. देऊळ हाय व्हय?"

मला माहीत होतं देऊळ नाही ते. पण या हॉलमध्ये मी आयुष्यात तेराच दिवस आलो, आणि तेराही दिवस अनवाणी आलो. माझ्या पायताणाची करकर दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाते, अशी पहिल्याच फेरीत तक्रार झाली होती. तेव्हापासून पायताण बाहेर. त्या गार फरशीचा स्पर्श तळव्यांना इतक्या वर्षांनीही ओळखू आला. वास मात्र पार बदललाय. तेव्हा सकाळच्या फिनेलचा आणि नव्या व्हार्निशचा वास असायचा, आता खळ मारलेल्या कापडाचा आहे. जिथं आमचं एक नंबरचं टेबल होतं तिथं एक बाई निळी साडी अंगावर धरून आरशात बघत होत्या.

आवाज मात्र कानात तसाच आहे. पंचांनी हात वर केला की सगळ्या टेबलांवरची घड्याळं एकदम चालू व्हायची. पत्र्यावर जोंधळं ओतावं तसा आवाज. मग ती टिकटिक हळूहळू छातीत उतरायची, आणि आपलं काळीज कुठलं नि घड्याळ कुठलं, कळेनासं व्हायचं.

मी कोइमतूरला राहतो. पंपाच्या कारखान्यात लेथवर होतो, आता दुसऱ्यांच्या हातचं काम तपासतो. गावाकडं येणं वर्षा-दोन वर्षांतून. गाडी पकडायची तर मी दोन तास आधी स्टेशनात बसतो आणि तिकीट खिशात आहे का हे दर दहा मिनिटांनी बघतो. घरातली हसतात. हसू देत. स्वभाव आहे. दुसरी खोड म्हणजे सारखे आभार मानायची. भित्र्या माणसाला ती असतेच. कुणी जरा जागा दिली की वाटतं, बाबा रे, देव तुझं भलं करो.

आम्ही जत तालुक्यातले, मेंढरंवाले. पाऊसकाळ सरला की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, लोकांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, पुढं सरकायचं. सातवीतनं माझी शाळा सुटली, त्याचं कारण आता उगाळत बसत नाही. पण पट तिथंच शिकलो. आप्पा, म्हणजे माझे वडील, सपाट दगडावर कोळशानं चौसष्ट घरं आखायचे. एका बाजूला पांढरे खडे. दुसऱ्या बाजूची प्यादी म्हणजे मेंढरांच्या वाळलेल्या लेंड्या. मोठ्या मोहऱ्यांना कणसाच्या बुरकुंडाचे तुकडे, घोड्याच्या तुकड्याला बारीकशी खाच. वारा सुटला की लेंडीची प्यादी उडून जायची. आप्पा म्हणायचे, "पळाली बघ तुजी फौज. तुज्यासारकीच भित्री."

आमचा खेळ देशी होता. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ते घर ज्याचं, तोच त्यानं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वजीर पाहिजे तर वजिराच्या नाहीतर राजाच्या रांगेनंच जायचं. मेंढरं चरत असायची, लोकर उन्हात तापल्याचा तो उबट वास यायचा, आणि आप्पा खड्यावर बोट ठेवून विचारायचे, "कुणाच्या घरात पोचलास?" मी म्हणायचो, "घोड्याच्या." "मग उट घोडा!" असं म्हणून ते बाजूला पडलेला मेलेला घोडा उचलून माझ्या हातात द्यायचे. माझा केवढा मोठा आनंद होता तो.

पुढं कुपवाडला लेथवर लागलो. चुलत्याच्या ओळखीनं राहायला जागा मिळाली ती अण्णांच्या हळदीच्या गोदामामागं. अण्णा म्हणजे सांगलीतले जैन व्यापारी. दुपारी मार्केट थंड झालं की दुकानाच्या गादीवर पट मांडून बसणारे. त्यांच्या पांढऱ्या मोहऱ्यांना अंगठ्याचे पिवळे ठसे असायचे, माझ्या काळ्यांना ऑइलचा वास. लेथवरच्या कूलंटचा वास हातातून जावा म्हणून मी साबणाच्या चुऱ्यानं कातडं निघेस्तोवर हात घासून मग पटावर बसायचो. अण्णा म्हणायचे, "अरे घास की बास! मोहरेच हलवायचेत, कणीक मळायची नाही."

अण्णांनी मला जगाचा खेळ शिकवला. प्यादं पहिल्या खेपेला दोन घरं जातं. राजा किल्ला करतो. आणि प्यादं कुठल्याही घरात पोचलं तरी वाटेल ते होतं, म्हणजे वजीरच होतं, कारण दुसरं कशाला कोण करील? खेळी लिहून काढायची असते म्हणून इंग्रजी अक्षरंही त्यांनीच गिरवून घेतली. ए ते एच. आठ रांगा, आठ अक्षरं. त्यापुढची अक्षरं मला कोइमतूरच्या बसच्या पाट्यांनी शिकवली. हात मात्र पुन्हा पुन्हा जुन्या वळणावर जायचा. एकदा असाच मी उंटाच्या घरात उंट केला, तर अण्णांनी कपाळाला हात लावला आणि सगळं कपाळ पिवळं झालं. "तुझ्या अंगातली मेंढरं निघाली रे, पण आप्पाचा पट काय निघत नाही."

निवड स्पर्धा साताऱ्याला झाली. तिथं किल्ल्याच्या पायथ्याच्या एका शाळेत बाकांवर पट मांडले होते. मी बाकावर बसलो आणि खिडकीतनं चौथी-पाचवीच्या पोरांचं पाढे म्हणणं ऐकू आलं. शाळेच्या बाकावर मी दहा वर्षांनी बसत होतो. काय झालं कोण जाणे, त्या तीन दिवसांत मी एकही डाव हरलो नाही. परत येताना अण्णा एसटीत शेजारी बसून पेढ्याचा पुडा मांडीवर धरून होते. म्हणाले, "आता देशाची स्पर्धा. तीही आपल्या सांगलीत. तुझं नशीब बघ, राहायचं-खायचं बघायला नको."

त्या तेरा दिवसांचा एक ठेका होता. सकाळी कुपवाडात अर्धी पाळी. आमचे फोरमन तापट, पण त्यांनी बारा वाजता सुटायची मोकळीक दिली होती. "जिंकून ये, न्हाईतर पगार कापतो," म्हणायचे. (पगार कापला नाही. त्यांचेही आभार.) मग सायकल हाणत गोदाम, साबणाचा चुरा, अण्णांच्या घरची भाकरी, आणि दोनच्या ठोक्याला अनवाणी हॉलमध्ये. भिंतीवर कापडाचा मोठा पट लावला होता. कॉलेजच्या दोन मुली लांब काठीनं त्याच्यावरचे मोहरे हलवायच्या, म्हणजे मागच्या माणसांनाही डाव दिसायचा. संध्याकाळी कारखान्यातली पोरं दुचाकीवरून खास वाट वाकडी करून यायची आणि फाटकातूनच ओरडायची, "काय गड्या, काटला का मद्राशी?"

पहिल्या आठवड्यात माझ्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. मग हळूहळू टेबलाचा नंबर खाली येत गेला. बारा, सात, तीन. नवव्या दिवशी आप्पा आले. मेंढरं पलूसच्या अंगाला चुलत्यावर सोडून, खांद्यावर घोंगडं टाकून. अण्णांच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, मी दिसताच उठले. "कुनीतरी म्हनलं, तुजं नाव पेपरात आलंय. म्हनलं बगावं, खोटं बोलत्यात का खरं."

सकाळी मी कामावर, आप्पा दुकानात. दुपारी ते हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, भिंतीवरच्या पटाकडं तोंड करून. मला वाटायचं, बिचाऱ्यांना काय कळत असणार? जिंकलो की एक गुण, बरोबरी झाली की अर्धा, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं.

तेराव्या दिवशी एक नंबरच्या टेबलावर मी होतो आणि समोर कोइमतूरचे एक बँकेतले साहेब. कपाळावर भस्माची बोटं, टेबलाखाली कॉफीचा स्टीलचा थर्मास. ते माझ्यापेक्षा अर्ध्या गुणानं पुढं होते. त्यांना बरोबरी पुरत होती. मला जिंकायलाच पाहिजे होतं. जिंकलो असतो तर देशाचा अजिंक्यवीर झालो असतो. ज्याला कुठल्याही फॉर्मवर 'शिक्षण' या रकान्यापुढं पेन टेकवताना घाम फुटायचा, त्याला आयुष्यभर लिहायला एक ओळ मिळाली असती.

चार तास चालला तो डाव. काय काय झालं ते माझ्या बोटांना अजून पाठ आहे, पण इथं सांगण्यासारखं थोडकंच आहे. वजिरावर वजीर गेला. हत्ती गेले. हॉलमधले बाकीचे डाव एकेक करून संपले, आणि ज्यांचे संपले ते आमच्याभोवती येऊन उभे राहिले. कुणाच्या तरी खिशात चिल्लर वाजली तर पंचांनी नुसतं बघितलं. माझ्या घड्याळाची लाल झेंडी काट्यानं उचलली होती. ती पडली की डाव गेला. त्यांच्याकडं सहा मिनिटं होती, माझ्याकडं एक सुद्धा नव्हतं. पण माझं प्यादं सातव्या ओळीत उभं होतं, शेवटच्या घरापासून एक पाऊल. त्यांचं प्यादं अजून तीन घरं लांब होतं. वजीर केला की संपलं. हे त्यांना माहीत होतं. त्यांनी थर्मासचं झाकण लावून टाकलं होतं. निघायची तयारी. मला ते दिसलं, आणि माझे कान गरम झाले.

मी प्यादं पुढं सरकवलं. झेंडी आडवी होत चालली होती. उजव्या हाताला मेलेले मोहरे ठेवले होते, वजीर आणि घोडा शेजारी शेजारी. त्या क्षणी मी सांगलीत नव्हतो. मी कुठं होतो ते मला माहीत आहे, उन्हात तापलेल्या लोकरीचा वासही आला होता. हातानं घोडा उचलला, त्या घरात ठेवला आणि घड्याळाची कळ दाबली.

प्यादं घोड्याच्या घरात पोचलं होतं.

हॉलमध्ये एक सुस्कारा फुटला. त्या काठीवाल्या मुलीनं भिंतीवरच्या पटावर वजीर टांगायला उचलला होता. ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग तिनं तो खाली ठेवला. समोरचे साहेब पटाकडं बघत होते. मोहरा घरात टेकला की बदलता येत नाही. त्यांनाही काही करता येत नव्हतं, पंचांनाही नाही. मागून कुणीतरी न राहवून बोललंच, "आरं, घोडा केला की ह्यानं!"

पुढच्या खेळ्या मी नुसत्या हातानं केल्या. एवढं नशीब, झेंडी नाही पडली. घोडा धावला, धापा टाकत त्यांच्या प्याद्याला गाठलं, प्यादं मारलं, आणि त्यांच्या राजानं घोड्याला. पटावर दोन राजे राहिले. बरोबरी. अर्धा गुण त्यांना, अर्धा मला. अजिंक्यपद त्यांचं.

त्यांनी हात पुढं केला. मग थर्मास पुन्हा उघडला, झाकणात कॉफी ओतली आणि माझ्यासमोर सरकवली. म्हणाले, "आप जीता था. मेरे को मालूम." ती कॉफी कडू होती की गोड, आठवत नाही. पुढं दोन वर्षांनी त्यांनीच पत्र पाठवून मला त्यांच्या गावी बोलावलं, आणि माझं आयुष्य तिथं गेलं. पण ती गोष्ट वेगळी.

मी बाहेर आलो. पायताण घालायचं भान नव्हतं. नदीच्या बाजूला चालायला लागलो असेन. मागून घोंगड्याचा वास आला आणि कुणीतरी दंडाला धरलं. आप्पा होते. मी त्यांच्याकडं बघूच शकत नव्हतो. ते म्हणाले, "बराबर केलंस. घोड्याच्या घरात घोडाच व्हतो. नियम न्हाई मोडलास तू."

त्या अख्ख्या गर्दीत माझी खेळी बरोबर वाटलेला तो एकच माणूस होता. मला तिथंच रडू फुटलं. काय सांगणार त्यांना? नियम दुसरा होता आणि मी देशाचं अजिंक्यपद हातानं उचलून बाजूला ठेवलं, हे? मी मान हलवली. "व्हय आप्पा." आणि आम्ही चालत गोदामाकडं आलो.

कारखान्यात वर्षभर मला 'घोडेस्वार' म्हणत होते. "घोडेस्वार, चहा घेणार का?" मी घ्यायचो. टोमणा सोसायला मला जड जात नाही. जड जायचं ते आप्पांसमोर. गावी गेलो की ते लोकांना सांगायचे, "देशात दुसरा आला आमचा. आन् नियमानं खेळला." मी खाली बघायचो. वाटायचं, ह्यांना खरं कळलं तर? कुणीतरी शिकलेला भेटेल, सांगेल, तुमचं पोरगं चुकलं म्हणून. ही एक धास्ती मी कोइमतूरला उराशी घेऊन गेलो आणि तीसेक वर्षं जपली. वडलांच्या अज्ञानावर जगत होतो मी, दुसरं काय?

साड्यांच्या सेलमधनं निघालो तो अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णा आता नाहीत. त्यांची मुलगी गल्ल्यावर बसते, आम्ही ताई म्हणतो. दुकानात शिरलं की नाकात तीच हळद. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या. मी हसत हसत आप्पांचं ते वाक्य सांगितलं. घोड्याच्या घरात घोडा.

ताई हसल्या नाहीत. "असं म्हणाले?"

"होय की. त्यांना बिचाऱ्यांना देशी खेळच ठाऊक."

"अहो, काय बोलताय? चार दिवस सकाळी तुमचे आप्पा इथंच तर बसायचे. हॉलमध्ये बसून काही कळत नाही म्हणाले, म्हणून बाबांनी त्यांना सगळं शिकवलं. किल्ला, दोन घरं, सगळं. मी शाळेला जाताना बघायची ना. प्यादं घेऊन पुढं जायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, 'वजीर!' बाबा हसायचे." त्यांनी गल्ल्याचा खण सरकवून बंद केला. "आणि त्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी येऊन आईला सांगत होते. हॉलमध्ये आप्पांनी त्यांचा हात घट्ट धरला म्हणे, आणि विचारलं, 'अण्णा, पोरानं वजीर का न्हाई केला?' मग लगेच आप्पाच म्हणाले, 'मी इचारलं म्हनून त्याला सांगू नका.' आणि तुमच्या मागं पळाले."

मी कप खाली ठेवला. आभार मानायचेही राहिले त्या दिवशी.

जतच्या एसटीत बसलो. हिरवा पट्टा संपला, मग बाभळी, मग ती उघडी भुई आणि रस्त्याकडेचे पाण्याचे टँकर. मी खिडकीला डोकं टेकून एकच विचार करत होतो. विचारू की नको. मी आयुष्यात कुणाला काही विचारलेलं नाही.

आप्पा आता ऐंशीच्या पुढं आहेत. मेंढरं केव्हाच विकली. दिसायला कमी, ऐकायला चांगलं. लिंबाखाली खाटेवर बसले होते. मी पायाशी बसलो.

"आप्पा, एक इचारू?"

"इचार की. परवानगी कवापास्नं लागाया लागली?"

"त्या दिवशी सांगलीत. नवा नियम तुमाला ठावं व्हता न्हवं?"

ते काठीचं टोक मातीत फिरवत राहिले.

"कोन म्हनलं?"

"ताई."

"आन्नाची लेक. लय बोलती ती. ल्हान व्हती तवापास्नं."

"मग मला तसं का म्हनला?"

"मेंढरू खड्ड्यात पडलं तर आदी भायेर काडायचं आसतंय. कसं पडलं, ते मागनं इचारायचं."

"मागनं तरी कुठं इचारलंसा? तीस वर्सं झाली."

"तू सांगशील म्हनून थांबलो व्हतो, रं."

लिंबाची पानं आमच्या अंगावर गळत होती.

"चुकलं माजं, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "लय चुकलं. वजीर करायचा व्हता." मग त्यांनी खाटेवर हात आपटून मला वर बसायची खूण केली. मी वर बसलो. "आता आदीपास्नं सांग. अर्धं मला मागच्या रांगेतनं दिसलंच न्हाई. पैली खेळी कुनाची व्हती?"

"माजी," मी म्हणालो, आणि सांगायला लागलो.